सत्कार जूनमध्ये, उचल भाद्रपदात: एका न्यासाचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक न्यासाचं हे प्रकरण आहे. न्यास, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशी काळजी घेतली आहे, रकमाही गोलाकार केल्या आहेत. माणुसकीचं काम करणाऱ्या कलावंताचा गौरव आणि तरुण कलावंतांना आधार, ही दोन कामं एकाच कार्यक्रमात उरकायची पद्धत अनेक संस्थांची आहे. ती इथे, तमाशा कलावंतांच्या बाबतीत, कुठे अडली आणि पुढे काय झालं, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

न्यासाकडे ३० लाखांची कायम ठेव होती. त्यावर वर्षाला साधारण २ लाख १० हजार रुपये व्याज यायचं, आणि देणग्या २ लाख ४० हजारांच्या आसपास. म्हणजे हातात साडेचार लाख. दरवर्षी एका ज्येष्ठ कलावंताला ५१,००० रुपयांचा पुरस्कार आणि पाच तरुण कलावंतांना प्रत्येकी ११,००० रुपयांचं ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस, असा शिरस्ता होता. गौरव फक्त कलेचा नव्हे, तर कलावंताने लोकांसाठी केलेल्या कामाचा, असं २०१९च्या महापुरानंतर ठरलं. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर त्या ऑगस्टमध्ये अनेक कलावंत मदतीला उतरले होते, ते न्यासाने जवळून पाहिलं होतं.

पुढच्याच वर्षी संकट कलावंतांवरच आलं. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. तमाशाच्या धंद्यात यापेक्षा वाईट तारीख सापडणार नाही. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या देतात, आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांवरच फडाचा वर्षाचा ताळेबंद जमतो. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्यातला कमाईचा भाग शेवटच्या दोन महिन्यांत असतो. तोच गेला. फडमालकांच्या डोक्यावर गाड्या, जनरेटर आणि तंबूचं कर्ज, तर कलावंतांच्या डोक्यावर पगारापोटी फडमालकाकडून आधीच घेतलेली उचल.

मदतीच्या याद्या निघाल्या त्यात हे लोक नव्हते. सात-आठ महिने गावाबाहेर असलेल्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या यादीत सुचवणार कोण? अनेकांची शिधापत्रिका दुसऱ्याच तालुक्यातली, काहींची रद्द झालेली.

अडचण

२०२३च्या पुरस्कारासाठी दोन नावं चर्चेत आली.

पहिलं नाव होतं तालुक्याच्या मातीतला, मालिका आणि नाटकांतून घराघरांत पोचलेला अभिनेता. पुराच्या वेळी त्याने ट्रकभर साहित्य आणलं होतं. त्याचे फोटो होते, बातम्या होत्या. दुसरं नाव फडातून निवृत्त झालेल्या साठीपुढच्या एका कलावतीचं. त्यांना इथे अक्का म्हणू, कारण फडात सगळे तेच म्हणत. टाळेबंदीत अक्कांनी ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून धान्य उभं केलं आणि ६३ कुटुंबांपर्यंत शिधा पोचवला. पण त्यांचं खरं मोठं काम त्यानंतरचं होतं. म्हाताऱ्या कलावंतांची शिधापत्रिका, बँक खातं आणि शासनाच्या मानधनाचा अर्ज, हे तिन्ही त्या एकेकाचं मार्गी लावत होत्या. आज हे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये आहे. त्यासाठी कलेच्या क्षेत्रातल्या कामाचे पुरावे लागतात, आणि तीस वर्षं नाचलेल्या बाईकडे ना प्रमाणपत्र असतं, ना कात्रण. अक्का जुन्या फडमालकांकडून पत्रं आणत, जत्रा कमिट्यांच्या वह्यांमधून नोंदी शोधून काढत.

निवडीचा प्रश्न एवढाच असता तर तो एका बैठकीत सुटला असता. खोल अडचण जमाखर्चात होती. आधीच्या वर्षीचा खर्च असा होता: मांडव आणि मंच ७० हजार, ध्वनी-प्रकाश ४५, जेवणावळ ६०, छपाई-फ्लेक्स-जाहिराती ३५, फोटो-चित्रीकरण १५, शाल-श्रीफळ-मानचिन्हं २०, पाहुण्यांचा प्रवास व निवास १५ हजार. एकूण २ लाख ६० हजार. प्रत्यक्ष कलावंतांच्या हातात पडले १ लाख ६ हजार. तरुणांची ११,००० रुपयांची पाकिटं मंचावर छान दिसायची, पण त्यांतून कोण काय शिकलं याची नोंद न्यासाकडे नव्हती. एका विश्वस्ताने मागच्या तीन वर्षांच्या पंधरा मुलांना फोन लावले. लागले त्यांतल्या बहुतेकांनी ‘घरात खर्च झाले’ असं प्रामाणिकपणे सांगितलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: अभिनेत्याला पुरस्कार, अक्कांचा ‘विशेष सत्कार’. यात गर्दी आणि देणग्या पक्क्या होत्या. या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५मध्ये नाम फाउंडेशन उभं केलं तेव्हा दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी किती हात पुढे आले हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओळखीच्या चेहऱ्यामागे पैसा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय: अक्कांना पुरस्कार आणि अभिनेता प्रमुख पाहुणा. सगळ्यांचं समाधान करणारा, म्हणून आधी हाच मंजूर झाला. अभिनेत्याला मोकळी तारीख डिसेंबरात होती. इथे गाडी अडली. डिसेंबरात फड रस्त्यावर असतात. ज्यांच्यासाठी अक्कांनी काम केलं त्यांच्यापैकी कोणीही त्या सत्काराला येऊ शकलं नसतं. पाहुण्याच्या तारखेने कार्यक्रमाचा अर्थच बदलणार होता.

तिसरा पर्याय: समारंभ लहान करून जूनमध्ये, नगरपालिकेच्या नाट्यगृहात घ्यायचा आणि वाचलेला पैसा तरुणांच्या वर्षभराच्या शिष्यवृत्तीत घालायचा. देणग्या घटतील हे या पर्यायातलं उघड भय होतं.

चौथा पर्याय एका सदस्याने मांडला: समारंभच नको, सगळे पैसे कामाला द्या. तो फेटाळला गेला, आणि ते बरोबरच झालं. तमाशातल्या बाईला भर सभेत, तालुक्याच्या गावी, खुर्चीवर बसवून मान देणं याला आजही किंमत आहे. मात्र मान पुरेसा नसतो हेही याच धंद्याने दाखवलं आहे. तमाशातल्या नामवंत कलावती विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता, तरी अखेरच्या आजारपणात इस्पितळाचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला.

तिसरा पर्याय एका मताच्या फरकाने मंजूर झाला. अभिनेत्याशी जवळीक असलेल्या एका विश्वस्तांनी राजीनामा दिला. तो स्वीकारून बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागला, त्यात चिटणिसांचा महिना गेला.

पडताळणी

पुरस्कार माणुसकीच्या कामासाठी असेल तर काम झालं का, हे पाहणं आलं. बहुतेक संस्था ते देणाऱ्याला विचारतात. इथे ते घेणाऱ्यांना विचारायचं ठरलं. अक्कांच्या वहीतल्या ६३ नावांपैकी २० निवडली. निवड वहीतल्या क्रमाने केली, म्हणजे तिसरं, सहावं, नववं अशी. सोयीची नावं निवडली जाऊ नयेत एवढाच हेतू. फोन दोन महिला सदस्यांनी केले. प्रश्न तीनच: शिधा मिळाला का, कोणत्या महिन्यात, त्याबदल्यात कोणी काही मागितलं का.

चौदा जण सापडले. बारा जणांनी दुजोरा दिला. दोघांची तक्रार होती की पहिला शिधा अक्कांच्या नात्यातल्या फडालाच गेला. तक्रार खरी निघाली, कारण मात्र वेगळं होतं: त्या फडाच्या गाड्या शेजारच्या तालुक्यात अडकल्या होत्या आणि पहिल्या खेपेत शिधाच अठरा कुटुंबांपुरता होता. जवळ होते त्यांना आधी मिळालं.

इथला निर्णय टिपून ठेवण्यासारखा आहे. पुरस्कार रद्द केला नाही आणि तक्रार दाबलीही नाही. मानपत्राचा मजकूर बदलला. आधीच्या मसुद्यात ‘शेकडो कलावंतांची अन्नदात्री’ असं काहीतरी होतं. नव्या मजकुरात ६३ कुटुंबांना शिधा आणि ४१ मानधन अर्ज, एवढंच लिहिलं. अक्कांना तो मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एक आकडा दुरुस्त केला: अर्ज ४१ भरले, पण मंजूर २६ झाले.

प्रसिद्धीची परवानगी हा भाग मात्र उशिरा लक्षात आला. अक्कांची नात शेजारच्या शहरात नोकरीला आहे आणि तिच्या सासरी आजीचा फड ठाऊक नाही. त्या शहरात फ्लेक्स लावू नका, एवढी एकच अट अक्कांनी घातली. तोवर उत्साही कार्यकर्त्यांनी दोन फ्लेक्स लावून टाकले होते, एकावर शिधा घेणाऱ्या बायकांचे फोटोही होते. ते रातोरात उतरवले. मदत घेणाऱ्याचा फोटो छापायचा नाही, हा नियम तेव्हापासून ठरावातच घातला आहे.

रकमेचा प्रश्न

५१,००० रुपयांचा धनादेश देणं सोपं वाटतं, पण दोन गाठी असतात. एक म्हणजे प्राप्तिकर: शासनाने दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या पुरस्कारांना करसवलत असते, खासगी न्यासाच्या पुरस्काराला ती आपोआप मिळत नाही. दुसरी म्हणजे मानधन: त्या योजनेला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि खात्यात एकदम मोठी रक्कम आली की उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी विचारणा होऊ शकते. न्यासाने दोन्ही गोष्टी अक्कांना आधीच सांगितल्या, त्यांच्या भागातल्या कर सल्लागाराशी बोलणं करून दिलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी २१,००० स्वतः घेतले. उरलेल्या ३०,०००चा न्यासात स्वतंत्र हिशेब ठेवायला सांगितला: कलावंतांच्या अर्जांसाठी लागणारा एसटीचा प्रवास, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, फोटो. एका अर्जामागे सरासरी चार फेऱ्या होतात, हे त्यांच्या वहीवरून दिसत होतं.

शिष्यवृत्ती: पहिली रचना

जूनचा समारंभ १ लाख ४ हजारांत झाला. नाट्यगृह १८ हजार, ध्वनी १५, कलावंतांचं जेवण ३०, त्यांचा प्रवास २०, शाल-मानचिन्ह ९, छपाई ६, चित्रीकरण ६. पाहुण्यांच्या प्रवासापेक्षा कलावंतांच्या प्रवासावर जास्त खर्च होण्याची ही न्यासातली पहिलीच वेळ.

तरुणांची निवड त्याआधी मे अखेरीस झाली. पूर्वी ती स्पर्धेसारखी व्हायची आणि रेकॉर्डवर सिनेमातली लावणी करणारी मुलं बाजी मारायची. या वेळी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आणि साथीला जिवंत माणसं. ढोलकीवाल्याने अनोळखी गायिकेला साथ करायची आणि ती मधेच लय चढवणार. गाणाऱ्या मुलीने तुणतुण्यावर स्वतःचा सूर लावून गवळण म्हणायची. सोंगाड्याने, म्हणजे विनोदी नटाने, समोरच्याने ऐनवेळी टाकलेल्या वाक्यावर बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, पुढे न्यायची. या कसोटीत पाठ केलेलं चालत नाही. चौघे निवडले गेले: ढोलकी, हलगी, गायन आणि सोंगाड्या, वयं १७ ते २१.

प्रत्येकाला जुलैपासून दरमहा ४,००० रुपये, दहा महिने. गुरूला प्रत्येक शिष्यामागे दरमहा १,५००. वाद्य आणि साहित्यासाठी ८,०००ची मर्यादा, तीही दुकानाच्या बिलावर. ढोलकीची पुडी (तोंडावरचं कातडं) आणि शाई (त्यावरचा काळा लेप) यांचा खर्च वारंवार येतो. पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतं, शेकून शेकून ते लवकर जातं. त्यामुळे वाद्य एकदा घेऊन दिलं की झालं, असं होत नाही. चौघांचा एकूण खर्च २ लाख ५२ हजार. सतरा वर्षांच्या मुलीचं खातं आईसोबत संयुक्त उघडलं, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत रात्रीच्या कार्यक्रमात मंचावर जायचं नाही, ही अट पालकांच्या सहीने घेतली.

आणि एक अट सगळ्यांसाठी: शिष्यवृत्तीच्या काळात कोणत्याही फडात काम करायचं नाही.

ही अट घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शास्त्रीय संगीताची गुरुकुलं होती. तमाशात माणूस शिकतो ते फडातच, आणि पोटही तिथेच भरतं, याचा विसर पडला.

कुठे फसलं

सप्टेंबरात, म्हणजे भाद्रपदात, सोंगाड्या मुलाने शिकवणीला येणं थांबवलं. त्याच्या वडिलांनी एका फडमालकाकडून ५०,००० रुपये उचल घेतली होती. ती मुलाच्या हंगामाच्या पगारातून फिटायची होती, म्हणजे मुलगा हंगामभर बांधला गेला. न्यासाचे दोन महिन्यांचे ८,००० रुपये घरात आले होते, पण बहिणीच्या लग्नाचं देणं त्याहून कितीतरी मोठं होतं.

कारण शोधताना पंचांग उघडावं लागलं. २०२३मध्ये बुद्धपौर्णिमा ५ मेला होती आणि दसरा २४ ऑक्टोबरला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. बिनकमाईचा काळ साडेपाच महिन्यांचा झाला. उचल याच काळात दिली-घेतली जाते. घरात दाणा नसतो तेव्हा फडमालकच सावकार असतो. न्यासाची रक्कम मात्र दहा महिन्यांवर पातळ पसरली होती. गरज सर्वाधिक असताना ४,००० आणि हंगामात पगार सुरू असतानाही ४,०००. रक्कम कमी नव्हती, ती चुकीच्या महिन्यांत वाटली गेली होती.

ऑक्टोबरच्या बैठकीत दोन मतं पडली. एक: करार मोडला, मुलाकडून रक्कम वसूल करा. दुसरं: अटच चुकीची होती. वसुलीचा विचार सोडून दिला आणि उरलेल्या तिघांसाठी फडबंदीची अट काढून टाकली. ढोलकीवाला लगेच एका फडात दुय्यम साथीदार म्हणून लागला. हप्ते चालू राहिले आणि गुरूने त्याची तालीम फडाच्या मुक्कामी जाऊन घेतली.

दुसरी रचना

२०२४मध्ये तीच ४०,००० रुपयांची रक्कम वेगळी बांधली. जून ते सप्टेंबर दरमहा ७,०००, आणि उरलेले १२,००० दसऱ्याच्या आठवडाभर आधी. गुरूचे १५,००० याच चार महिन्यांत. तालीम आठवड्यातून पाच दिवस, आणि हंगाम लागला की शिष्य मोकळा.

निवड समितीवर दोन फडमालकांना घेतलं. न्यासाशी त्यांचं वैर झालं तर नुकसान मुलांचंच होणार होतं. त्यांच्याकडे एकच मागणी होती: शिष्यवृत्तीधारकाचा हंगामाचा पगार आणि उचलीचा हिशेब कागदावर द्यावा. एकाने मान्य केलं. दुसऱ्याने, ‘आमच्यात जबानच कागद’ असं सांगून नकार दिला, तरीही समितीवर काम केलं.

निष्पत्ती

पहिल्या चौघांपैकी तिघांनी वर्ष पूर्ण केलं. हलगीवाला फडात गेला नाही. मिरवणुका आणि लग्नांच्या सुपाऱ्यांवर त्याचं बरं चाललं आहे. गाणारी मुलगी बारावी झाली आणि आता सुटीपुरती गुरूकडे येते. हे अपयश म्हणावं का, यावर न्यासात अजून वाद आहे. तो सोंगाड्या मुलगा दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करून आला आणि घेतला गेला. दुसऱ्या तुकडीतल्या चार घरांपैकी दोन घरांनी उचल घेतली नाही, सोंगाड्याच्या घरी ती निम्म्यावर आली आणि एका घराने नेहमीइतकीच घेतली.

देणग्या २ लाख ४० हजारांवरून १ लाख ७० हजारांवर आल्या, म्हणजे भय खरं ठरलं. तूट मागच्या शिल्लकेतून भरली गेली, पण असं दोनच वर्षं चालेल. अक्कांच्या नावच्या हिशेबातून वर्षभरात १९ अर्जांचा खर्च भागला.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख आधी ठरवायला हवी होती आणि नावं नंतर. बुद्धपौर्णिमेनंतर, पेरणीच्या घाईआधी, एवढीच खिडकी कलावंतांना सोयीची आहे. ती पक्की असती तर पाहुण्यावरून झालेला अर्धा वाद झालाच नसता.

अभिनेत्याकडे मंच सोडून दुसरं काही मागितलंच गेलं नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत पारंपरिक कलांचं संवर्धन येतं. त्याच्या ओळखीतून एका कंपनीचं दार उघडलं असतं, तर देणग्यांतली घट भरून निघाली असती. त्यासाठी न्यासाची केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते. ती करायला कोणी बसलं नाही.

शिष्यवृत्तीची रचना करण्याआधी चार घरांत जाऊन वर्षाचा जमाखर्च महिन्यावार मांडला असता, तर भाद्रपद तेव्हाच दिसला असता. तो कागद आता अर्जाचाच भाग केला आहे: बारा रकाने, येणं आणि देणं, उचल वेगळ्या ओळीत.

तिसऱ्या वर्षासाठी एक प्रस्ताव पडून आहे. हंगामापूर्वी २०,०००पर्यंत बिनव्याजी रक्कम द्यायची आणि चैत्रात परत घ्यायची, म्हणजे उचलीला न्यासाचाच पर्याय. लेखापरीक्षकांनी हरकत घेतली आहे: कर्ज देणं न्यासाच्या उद्देशांत बसत नाही, आणि वसुली थकली तर विश्वस्तांना जाब द्यावा लागेल. परत न मागायचं अनुदान म्हणून दिलं तर मुलांची संख्या चारवरून तिनावर आणावी लागते. निर्णय मेच्या बैठकीवर ढकलला आहे.